पुतण्या ‘का’ विचारतो

पिंपरी पेंढारमध्ये कोण काय करतो हे विचारावं लागत नाही. कल्याण–नगर रस्त्यावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या मध्ये आमचं गाव, जुन्नर तालुक्यातलं. सकाळी रस्त्याच्या कडेला नुसतं उभं राहिलं तरी सगळ्यांचे धंदे डोळ्यांसमोरून जातात. पिकअपमध्ये गोण्या असल्या तर कांदेवाला, क्रेट असले तर टोमॅटोवाला, आणि पिकअप रिकामा परतताना आतलं कोणीच कोणाशी बोलत नसलं तर भाव पडलेला. गाव सोडून गेलेल्यांचंही तसंच. वाशीच्या मार्केटातला माथाडी, सुट्टीवर आलेला जवान, मुंबईतला पोलीस, यातला प्रत्येक जण एसटीतून उतरताना चालीवरून ओळखू येतो. मास्तर तर पाठमोराही ओळखू येतो.

अशा या स्वच्छ व्यवस्थेत माझा पुतण्या प्रॉडक्ट मॅनेजर झाला आणि गावाची पंचाईत झाली. तो सुट्टीला आला की ओट्यावर बसून लॅपटॉपशी बोलतो. कधी इंग्रजीत, कधी हिंदीत, पण सूर कायम विनवणीचा. एवढा पगार घेणारा माणूस दिवसभर एवढी विनवणी कोणाची करतो, हे त्याच्या आजीला कळेना. तिने मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, “ह्याला तिकडं कोणी तरास देतंय का रं?”

पण खरी पंचाईत झाली ती मुलीकडचे पाहुणे आले तेव्हा.

“मुलगा काय करतो?”

“हिंजवडीला मॅनेजर आहे,” मी म्हणालो. ‘प्रॉडक्ट’ मुद्दाम गिळलं होतं.

“वा! हाताखाली माणसं किती?”

पुतण्या खरं बोलणारा. “एकही नाही,” तो म्हणाला.

पाहुण्यांनी हातातला पोह्यांचा चमचा बशीत ठेवला. “मग करता काय तुम्ही? माल तुम्ही बनवता?”

“नाही, इंजिनिअर बनवतात.”

“दिसायला कसा पाहिजे ते ठरवता?”

“ते डिझायनर ठरवतो.”

“मग विकत असाल.”

“विकायला सेल्सची माणसं आहेत.”

“आणि माल नाहीच चालला तर?”

“तर मला विचारतात.”

पाहुणे बराच वेळ विचारात पडले. मग त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. “म्हंजी पोलीस पाटीलच की! अधिकार कशाचा नाय, पण काय झालं की आधी त्याला बोलवायचं. ह्याचं मानधन तेवढं बरंय.” प्रॉडक्ट मॅनेजमेंटवर गेल्या काही वर्षांत जी जाडजूड पुस्तकं निघाली आहेत, त्यांतली पहिली पन्नास पानं या तीन वाक्यांत येतात. पाहुण्यांनी पोहे संपवले. पुढे काही कळवलं मात्र नाही.

या पदाचा उगम शोधायला गेलं की माणूस साबणापाशी पोचतो. अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बल ही साबणाची मोठी कंपनी. तिच्या जाहिरात विभागात नील मॅकलरॉय नावाचा तरुण होता. त्याच्याकडे ‘कॅमे’ साबणाच्या जाहिरातीचं काम, आणि कंपनीचा लाडका साबण मात्र ‘आयव्हरी’. म्हणजे घरात थोरल्याचं कौतुक आणि धाकट्याने थोरल्याचे कपडे वापरायचे, असा प्रकार. 13 मे 1931 रोजी त्याने वरिष्ठांना 3 पानी टिपण लिहिलं. आशय असा, की प्रत्येक साबणामागे एक स्वतंत्र माणूस असावा आणि त्याने त्या साबणाचं सगळं बघावं : खप कुठे आहे, कुठे नाही, नसेल तर का नाही. आणि त्याने हे टेबलावर बसून नव्हे, तर जिथे माल विकला जातो तिथे जाऊन शोधावं. प्रॉडक्ट मॅनेजरांची वंशावळ या टिपणापासून सांगतात.

मॅकलरॉय पुढे त्या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि 1957 मध्ये थेट अमेरिकेचा संरक्षणमंत्री. त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियाने स्पुटनिक सोडला होता आणि अमेरिकेची झोप उडाली होती. मग 1958 मध्ये त्याच्या कारकिर्दीत ‘आर्पा’ ही संशोधन संस्था स्थापन झाली. त्या संस्थेच्या पैशावर 1969 मध्ये संगणकांचं जे जाळं उभं राहिलं, त्यातून पुढे इंटरनेट आलं. थोडक्यात, माझ्या पुतण्याचं पद आणि ओट्यावरची त्याची रेंज, दोन्हींच्या मुळाशी एकच साबणवाला आहे. हे आजीला सांगितल्यावर ती म्हणाली, “मंग अंघोळ तरी येळेवर करत जा म्हणावं.”

पुतण्याचा दिवस सकाळच्या एका बैठकीने सुरू होतो. ती उभ्याने घ्यायची असते, म्हणजे पाय दुखायला लागले की संपते. आता हा घरी असला की ओट्यावर एकटाच उभा राहून लॅपटॉपला मान डोलावतो. आमच्या ग्रामसभेचं तंत्र याहून पुढचं आहे. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमची गरजच उरत नाही. हे अजून हिंजवडीला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून तिथली माणसं रोज उभी राहतात.

एका दिवाळीनंतर तो कामानिमित्तच गावी आला. त्याच्या कंपनीने शेतमालाचे भाव दाखवणारं ॲप काढलं होतं आणि ते शेतकऱ्यांनी भरपूर उतरवूनही घेतलं होतं. कंपनीत पेढे वाटून झाले होते. फक्त ते उघडत कोणी नव्हतं. बरोबर बंगळुरूची एक डिझायनर मुलगी होती आणि एक इंजिनिअर होता, जो पूर्ण वेळ गाडीत बसून चार्जर शोधत होता. मी वाटाड्या म्हणून गेलो. आळेफाट्याच्या कांदा बाजारात, लिलावाच्या गर्दीत, पुतण्याने एकेकाला गाठून विचारायला सुरुवात केली.

“काका, ॲपमध्ये अजून काय पाहिजे?”

“भाव वाढव.”

“नाही, म्हणजे ॲपमध्ये...”

“ॲपमधीच वाढव. बाजारात कोण वाढवतंय?”

दुसरे म्हणाले, “आजचा भाव आम्हाला दिसतोच की इथं. उद्याचा दाखवतो का?” तिसऱ्याची मागणी तांत्रिकदृष्ट्या शक्य होती : “भाव चढला की घंटी वाजली पायजे. पण माझ्याच फोनवर. आमच्या शेजाऱ्याच्या वाजता कामा नये.” चौथ्याने तर सरळ सांगितलं, “आहे ना ॲप. फोन भरला की आधी तेच काढतो. सून परत टाकून देती.” उतरवून घेणाऱ्यांचा आकडा एवढा मोठा कसा झाला, याचा उलगडा पुतण्याला तिथे उभ्या उभ्या झाला.

मग त्याने विचारणं बंद केलं आणि नुसता बघत बसला. या पदाचं पहिलं कौशल्य हेच, असं मला तेव्हा वाटलं. बोलणारा माणूस आपल्याला बरं वाटेल ते बोलतो. बघणाऱ्याला खरं दिसतं. एका शेतकऱ्याने ॲप उघडलं, पडद्यावरचा आकडा पाहिला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला, फोन बंद केला आणि लगेच तोच फोन कानाला लावून ओतूरला भाच्याला विचारलं, “काय निघालाय रं?” पुतण्या हळूच जवळ गेला. तो माणूस पुटपुटत होता तो भागाकार होता. ॲप भाव सांगत होतं क्विंटलला. लासलगावला ते ठीक. आमच्याकडे ओतूर, आळेफाटा, मंचर या बाजारांत कांद्याचा भाव बोलतात दहा किलोला. म्हणजे ॲप उघडणाऱ्याला प्रत्येक वेळी आधी गणित सोडवावं लागत होतं, आणि गणित सोडवायचं असतं तर तो भाच्याकडे कशाला गेला असता! त्यात ॲप दाखवत होतं कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सरासरी. याच्या गोणीत होती गोल्टी, म्हणजे बारीक कांदा. सरासरीने गोल्टी विकत नाही. भाचा मात्र मोठ्या गोळ्याचा, गोल्टीचा आणि हलक्या बदल्याचा भाव वेगवेगळा सांगत होता, वर बाजारात आवक किती आहे आणि कोणता व्यापारी आज आलेला नाही हेही.

“आपली स्पर्धा दुसऱ्या ॲपशी नाही,” पुतण्या संध्याकाळी म्हणाला. “भाच्याशी आहे.”

“आणि भाचा फुकट आहे,” मी म्हणालो.

पण त्याचं समाधान तेवढ्यावर होईना. भाव कळण्यासाठी ॲप लागत नाही, मग शेतकऱ्याला नक्की अडतं कशात? रात्री एका कांदाचाळीपाशी त्याला उत्तर मिळालं. शेतकऱ्याला भाव नको होता, निर्णय हवा होता. आज काढू की ठेवू? ठेवला तर चाळीतला कांदा महिन्यागणिक घटतो, सडतो, कोंब धरतो. काढला आणि पुढच्या आठवड्यात भाव चढला तर घरात बोलणी खावी लागतात. आणि भाव कशावर चढतो? डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने निर्यातीवर बंदी घातली, मे 2024 मध्ये ती उठली पण 40 टक्के शुल्क बसलं, सप्टेंबरात ते 20 टक्के झालं, 1 एप्रिल 2025 पासून शून्य. पुतण्या आपल्या कंपनीत पुढच्या चार तिमाहींचा आराखडा रंगीत पट्ट्या लावून करतो आणि त्याला रोडमॅप म्हणतो. कांद्याचा रोडमॅप दिल्लीत असतो आणि तो एका रात्रीत बदलतो. टोमॅटोचं याहून वाईट. जुलै 2023 मध्ये नारायणगावच्या बाजारात 20 किलोच्या क्रेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हा अख्ख्या तालुक्याने टोमॅटो लावला. पुढे काय झालं ते सांगायला ॲप लागत नाही, पिकअपमधली शांतता पुरते.

आज काढू की ठेवू, हे ॲपला सांगता येणार नव्हतं. मग शेवटी पुतण्याच्या मंडळींनी काय केलं? क्विंटलचे दहा किलो केले आणि प्रतवारीप्रमाणे भाव दाखवायला लागले. दोनच बदल. कंपनीने मागितलेल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे हवामान, राशिभविष्य, ट्रॅक्टरच्या जाहिराती आणि शेतकऱ्याशी गप्पा मारणारा यंत्रमानव, यांना त्याने ‘नाही’ म्हटलं. हे ‘नाही’ म्हणताना तो महिनाभर ओट्यावर विनवणीच्या सुरात बोलत होता. आजीला वाटत होतं तो त्रास हाच.

त्याच्या धंद्यातलं दुसरं हत्यार जपानहून आलंय. टोयोटा कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायची रीत आहे, म्हणजे वरवरचं कारण सोडून मुळाशी जाता येतं. पुतण्याने हा प्रयोग आमच्या पारावर करायचं ठरवलं. समोर तात्या होते. तात्यांची मागणी जुनी होती : शेताकडे जाणारा रस्ता काँक्रीटचा करून द्या.

“का, तात्या?”

“पावसाळ्यात माल निघत नाय.”

“का निघत नाही?”

“चिखल. ट्रॅक्टर रुततो.”

“एवढा चिखल का होतो?”

“पाणी साचतं की रस्त्यावर.”

“पाणी का साचतं?”

“चारी बुजलीय.”

“चारी का बुजली?”

तात्या गप्प. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तंबाखूची डबी उघडली, मिटली, आणि पुतण्याला सोडून मला विचारलं, “ह्या पोराला थोरल्यानं पाठवलंय का?” चारी तात्यांनीच बुजवली होती, थोरल्या भावाच्या बाजूला बांध सरकवताना. जपानमध्ये पाचव्या ‘का’ला यंत्रातला दोष सापडतो. आमच्याकडे पाचव्या ‘का’ला जुन्नरच्या दिवाणी न्यायालयातली तारीख सापडते. रस्त्याच्या काँक्रीटला लाखो रुपये लागतील. चारी मोकळी करायला अर्धा दिवस जेसीबी लागेल आणि दोन भावांना एकमेकांशी बोलावं लागेल. यातलं पहिलं मंजूर होण्यासारखं आहे.

पुतण्याचं शिक्षण पूर्ण झालं ते मात्र आंबेगाव तालुक्यात, मामाच्या गावच्या यात्रेत. मामाने त्याला कमिटीत घेतलं, कारण ‘पोरगा कंपनीत हेच करतो म्हणे’. वर्गणी ठरलेली, मागण्या अमर्याद. म्हाताऱ्यांना तमाशा हवा, तोही गण-गौळण-बतावणीसकट, अर्धा करून नको. तरुणांना ऑर्केस्ट्रा. वारकरी मंडळींना कीर्तन, आणि तमाशाच्या मंडपापासून लांब. बैलगाडावाल्यांना घाट दुरुस्त करून शर्यत. त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा, कारण 2014 च्या बंदीनंतर डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी देईपर्यंत त्यांनी दम धरला होता आणि मे 2023 च्या घटनापीठाच्या निकालानंतर आता कोणाच्या बापाला भीत नव्हते. शिवाय कुस्त्यांचा आखाडा, शाळेच्या पोरांना खाऊ आणि पुढाऱ्यांचा फ्लेक्स.

पुतण्याने तक्ता केला. खर्च किती, किती लोकांना हवंय, भांडणं किती होतील, अशा तीन रकान्यांत गुण दिले, बेरीज केली आणि सभेत सांगितलं, पहिल्या तीन गोष्टी करू. कमिटीने तक्त्याचं मनापासून कौतुक केलं. तक्ता हातोहात फिरला. मग एकमताने ठरलं की सगळंच करायचं.

त्यानंतर मामाने काय केलं ते पुतण्याने डोळ्यांनी पाहिलं. मामा सभेत एक शब्द बोलला नव्हता. रात्री तो एकेकाच्या घरी गेला. ऑर्केस्ट्रावाल्या पोराला म्हणाला, “तुझी कल्पना एक नंबर. अशी फुटकळ करण्यात मजा नाय. पुढच्या साली तूच अध्यक्ष हो, वर्गणी तू गोळा कर, अन् दणक्यात ऑर्केस्ट्रा करू.” पोराने दुसऱ्या दिवशी मागणी मागे घेतली. कीर्तनाला त्याने वेगळा दिवस दिला, आखाडा शाळेच्या मैदानात नेला. मग गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला गेला. तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. एकाच फडाची सुपारी तिथीप्रमाणे बदलते. चैत्रातल्या अष्टमीला, पौर्णिमेला चढी, आडदिवसाला उतरती. मामाने तिथी न बदलता दोन तास नुसतं बसून, तीन वेळा उठून जाऊन आणि तीन वेळा चहा पिऊन सुपारी खाली आणली. यात्रा झाली. तमाशा उशिरा सुरू झाला म्हणून लोकांनी मामाला शिव्या दिल्या, वेळेत बंद करावा लागला म्हणून पुन्हा दिल्या, आणि शर्यतीत घाटाचा राजा ठरवताना घड्याळ चुकलं म्हणून तिसऱ्यांदा. मामाने कोणालाही उलट उत्तर दिलं नाही. त्या वर्षी एकही डोकं फुटलं नव्हतं, आणि मामा मोजत होता ते एवढंच.

पुतण्याने परत जाऊन ऑफिसात हे वापरलं. मोठ्या साहेबांना त्यांच्या आवडीची एक गोष्ट ॲपमध्ये घालायचीच होती. तो म्हणाला, “सर, कल्पना उत्तम आहे. पुढच्या तिमाहीत तुमच्याच नेतृत्वाखाली घेऊ, आकड्यांची जबाबदारी तुमच्याकडे.” साहेबांनी कल्पना पुढे कधी काढली नाही.

इथवर हसण्यासारखं आहे. एका विषयावर मात्र आमच्या गावात हसत नाहीत. 2024 मध्ये पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात माणसं गेली. त्या वेळी सगळ्यांच्या तोंडी एकच मागणी होती : पिंजरा लावा, बिबट्या धरा, लांब नेऊन सोडा. घरातलं माणूस गेल्यावर दुसरं काय सुचणार? माणसांवर हल्ले करणारा बिबट्या पकडावा लागतोच. पण ही मागणी एकदा मोठ्या प्रमाणावर पुरी करून झालेली आहे. 2001 ते 2003 या काळात जुन्नर परिसरात उसातले बिबटे धरून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम चालली. किती धरले, किती सोडले, हे मोजलं तर काम चोख झालं होतं. पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं मोजलं, म्हणजे हल्ले मोजले. त्यांचा अभ्यास 2011 मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात आला. मोहिमेआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते, मोहिमेच्या काळात ते 17 झाले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि इथे मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. लोकांनी मागितलं ते लोकांना मिळालं होतं, आणि अडचण चौपट झाली होती.

मग अडचण कोणती होती? माझ्या बाईमाणसाची, माझ्या पोराची बिबट्याशी गाठ पडू नये, ही. तिकडून ‘का’ विचारत गेलं तर उत्तरं वेगळी निघतात. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांचं पाणी आलं तसा ऊस आला, आणि ऊस वर्षभर उभा असतो, त्यात बिबट्याची पिढीच्या पिढी जन्मते. गाठ कुठे पडते? अंधारात, पिकाच्या कडेला. माणूस अंधारात तिथे का जातो? पाण्याला दारं धरायला. दारं रात्री का धरतो? कारण शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने रात्रीची येते. म्हणजे बिबट्याच्या प्रश्नातला मोठा तुकडा वनखात्याच्या नव्हे, वीज कंपनीच्या कागदांत पडलेला आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. बंदिस्त गोठा, घरापासून लांब ठेवलेला ऊस, उजेड, आणि दिवसाची वीज, यांचा फोटो पिंजऱ्यात गुरगुरणाऱ्या बिबट्याएवढा चांगला येत नाही. म्हणून वर्तमानपत्रांत पिंजरा दिसतो.

मला आता त्या पदाचा अर्थ थोडा लागला आहे. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे काम झाल्यावर, पेढे वाटून झाल्यावर, फ्लेक्स लागल्यावर, कोपऱ्यातून “पण अडचण गेली का?” असं विचारणारा माणूस. त्याला कोड लिहिता येत नाही तरी चालतं, चित्र काढता येत नाही तरी चालतं. त्याला बघत बसता आलं पाहिजे, मागणीच्या मागची अडचण ओळखता आली पाहिजे, नऊ चांगल्या गोष्टींना ‘नाही’ म्हणून दहावी करता आली पाहिजे, हाताखाली एकही माणूस नसताना दहा माणसांना त्यासाठी राजी करता आलं पाहिजे, आणि शेवटी शिव्या खाऊनही योग्य तोच आकडा मोजता आला पाहिजे. हे सगळं येणारी माणसं जुन्नर–आंबेगावात मुबलक आहेत. उणीव आहे ती त्यांना ‘अडचण गेली का’ हे विचारू देणाऱ्यांची.

म्हणून वाचकांना एक विनंती. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, यांपैकी जी ग्रामसभा पुढे येईल तिला जा. अर्जात ‘सभामंडप हवा’, ‘रस्ता हवा’, ‘पिंजरा हवा’ असं लिहिण्याआधी वर एक ओळ लिहा : आमची अडचण अशी आहे. आणि गेल्या वर्षीच्या कामांची यादी वाचली जाईल, प्रत्येक कामापुढे ‘पूर्ण’ असं ऐकू येईल, तेव्हा हात वर करून विचारा, अडचण गेली का? सभा तहकूब होईल. पुन्हा भरेल तेव्हा पुन्हा विचारा, कारण तिला कोरम लागत नाही. तुम्ही एकटे असलात तरी चालतं.